उभे राहण्यापुरती उंची

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, फोकस्टन नावाचे जुने बंदर आहे. गावाचा बराचसा भाग कड्यावर वसलेला आहे आणि त्या कड्याच्या माथ्यावरून ‘लीज’ या नावाचा हिरवळीचा रुंद, सपाट पट्टा समुद्राला समांतर धावतो. ठरावीक अंतरावर बाके, वाटेत कुठे पायरी नाही, आणि हवा निवळ असली की पलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्याची फिकट रेघ. डोव्हरची सामुद्रधुनी जिथे सर्वांत अरुंद आहे, तिथे दोन देशांतले अंतर जेमतेम 33 किलोमीटर भरते. काठी टेकत चालणाऱ्यांची इथे सकाळ-संध्याकाळ वर्दळ असते. चाकांच्या खुर्च्याही पुष्कळ दिसतात.

या लीजवर एक पुतळा आहे. हातात मानवी हृदय धरून उभा असलेला हा गृहस्थ म्हणजे विल्यम हार्वी. 1578 मध्ये तो याच गावी जन्मला, आणि हृदय हा एक पंप असून रक्त शरीरात सतत फिरत असते, हे त्याने 1628 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. माणूस आडवा असताना सुखाने फिरणारे रक्त तो ताडकन उभा राहिला की पायांकडे ओढले जाते. हृदयाने आणि रक्तवाहिन्यांनी वेळेवर सावरले नाही, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. वार्धक्यात हे सावरणे मंदावते. म्हणजे उभे राहणे ही दिसते तितकी साधी क्रिया नव्हे. हार्वीच्या पुतळ्याशेजारच्या बाकावर बसून आम्ही बरेच दिवस याच क्रियेचा खल करीत होतो आणि त्याला निमित्त झाले होते एका व्हॅनच्या छपराचे.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी गेली चाळीस वर्षे या भागात राहतात. भाऊजींना सहा वर्षांपूर्वी पार्किन्सनचा विकार जडला. हिंडण्याची हौस मात्र तिळमात्र उणावली नाही. पण हॉटेलातल्या खोल्या त्यांना नकोशा झाल्या. अनोळखी स्नानगृह, खोल रुतणारी गादी, रात्री दिव्याचे बटण न सापडणे, आणि जेवणाच्या दालनात थरथरत्या हाताकडे वळणाऱ्या नजरा. त्यांच्याकडे एक साधी फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर होती, नातवंडांना आणि सामानसुमानाला घेऊन फिरण्यासाठी घेतलेली. तिच्यात मागे पलंग होऊ शकेल असे आसन आधीच बसवलेले होते. भाऊजी म्हणत, “माझी खोली मीच बरोबर नेईन.” अडचण एकच होती. अशा व्हॅनची आतली उंची सुमारे 1.4 मीटर, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास. आत शिरलेल्या माणसाने एक तर बसावे नाही तर आडवे व्हावे, उभे राहू नये, असा तिचा दंडक. भाऊजींची उंची साडेपाच फूट. दोन दिवसांच्या एका सहलीत ताईने त्यांना पलंगावर निजवून, लहान मुलाला घालावी तशी विजार घातली. त्या प्रसंगाविषयी दोघांपैकी कोणीही फारसे बोलले नाही, पण पुढच्या सहलीचा विषय निघेनासा झाला.

आपल्याकडे फिरत्या घराची कल्पना अजून नवलाईची आहे. फोकस्टनला मात्र तिचा इतिहास घरचा आहे. मार्टिन वॉल्टर नावाची इथली कंपनी मुळात घोड्यांची जिने आणि सरंजाम बनवणारी. घोडे गेले तशी ती मोटारींचे सांगाडे बांधू लागली. फ्रान्सला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत बंदरावर आपापल्या मोटारींत अवघडून झोपलेली माणसे पाहून कंपनीतल्या कोणाला तरी झोपता येईल अशी गाडी करण्याची कल्पना सुचली, असे इथे सांगतात. 1952 च्या सुमारास बेडफर्ड कंपनीच्या सीए या व्हॅनवर त्यांनी अशी गाडी तयार केली आणि तिला नाव दिले डॉर्मोबिल. झोपणे या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि मोटार यांचा तो संकर होता. आरंभी तिच्यात आसने मोडून पलंग होत, एवढेच. पुढे काही वर्षांतच तिला ते प्रसिद्ध छप्पर आले. एका बाजूला बिजागऱ्या, दुसरी बाजू वर उचलायची, आणि मधल्या फटीत पेटीच्या भात्यासारखे उलगडणारे पट्ट्यापट्ट्यांचे कापड. त्या काळी प्रवासी मोटारींवर जबर खरेदी-कर असे, आणि झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाड्या त्यातून सुटत. मध्यमवर्गीय कुटुंबांनी या गाड्या डोक्यावर घेतल्या, त्याला समुद्रप्रेमाइतकेच हेही कारण असावे. डॉर्मोबिल हा शब्द पुढे अशा कोणत्याही गाडीसाठी वापरला जाऊ लागला. जर्मनीत वीडनब्रुक इथल्या वेस्टफालिया कंपनीने याच सुमारास फोक्सवॅगनच्या व्हॅनवर हेच काम हाती घेतले, आणि आज जगभर दिसणाऱ्या उचलत्या छपरांची परंपरा बरीचशी तिथून आली. फोकस्टनचा तो कारखाना आता राहिलेला नाही. त्याच परिसरात चेरिटनला 1994 पासून समुद्राखालच्या बोगद्याचे स्थानक आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या रांगेत उचलत्या छपराच्या गाड्या शेकड्यांनी उभ्या असतात.

छप्पर कायमचेच उंच का करू नये, हा प्रश्न मीही विचारला होता. तशा गाड्या मिळतात, आणि ज्याला वाकणे वर्ज्य आहे त्याला त्याच सोयीच्या. परंतु या देशात वाहनतळांच्या कमानी पुष्कळदा दोन मीटरच्या असतात आणि ट्रान्सपोर्टरची उंची त्याच्या किंचित खाली राहते. दवाखाना, बाजार, ग्रंथालय यांसाठी हीच गाडी रोज लागणार. उंच गाडी दवाखान्याच्या दारात जाणार नाही, हे ताईच्या दृष्टीने निर्णायक ठरले.

चौकशी सुरू झाली तेव्हा पहिल्या कार्यशाळेने दोन दिवसांत आणि स्वस्तात काम करून देण्याची तयारी दाखवली. भाऊजी आयुष्यभर पुलांच्या बांधणीत रमलेले अभियंते. बोलणे आता संथ झाले आहे, तरी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कापलेल्या आडव्या पट्ट्यांचे काम पुढे कोण करणार?” त्या गृहस्थांना नीटसे उत्तर देता आले नाही. आम्ही तिथून निघालो.

या प्रश्नाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. व्हॅनचे छप्पर म्हणजे नुसते पत्र्याचे झाकण नव्हे. त्या पत्र्याच्या आतून आडव्या पट्ट्या गेलेल्या असतात आणि दोन्ही भिंतींना त्या एकमेकींशी बांधून ठेवतात. गाडी वळणावर पिळवटू नये, उलटली तर चेपू नये, हे बरेचसे त्यांच्यावर अवलंबून असते. उचलते छप्पर बसवायचे तर या पट्ट्यांसह मोठा आयत कापून काढावा लागतो. त्यांचे काम मग नव्या पोलादी चौकटीने करायचे असते. कापलेल्या कडेभोवती ती आतून घट्ट बसवतात, चिकटवतात आणि जागोजागी जखडतात. छप्पर बनवणारी चांगली कंपनी ठरावीक गाडीसाठी ठरावीक चौकट देते आणि तिची चाचणी झाल्याचा दाखलाही देते. चौकटीविना बसवलेले छप्पर दिसायला तसेच दिसते. फरक कळतो तो अपघातात.

दुसरी कार्यशाळा गावाबाहेरच्या शेताडीत होती. काम चार दिवस चालले आणि भाऊजी रोज तिथे खुर्ची टाकून बसले. औषधाच्या वेळेचा गजर वाजला की कारागीरच त्यांना पाण्याचा पेला आणून देत. पार्किन्सनच्या औषधाची वेळ अर्ध्या तासानेही चुकवू नये, हे त्या पोरांना दोन दिवसांत पाठ झाले.

पहिला दिवस उघडण्यात गेला. आसने, आतले अस्तर, दिव्यांच्या तारा सारे निघाले. गाडी अगदी सपाट जमिनीवर उभी केली, काचा जाड कापडाने झाकल्या, कारण धातू कापताना उडणारा तापलेला कण काचेत रुतला की कायमचा राहतो. मग मोजमाप. एकाने रेघ आखायची, दुसऱ्याने ती पुन्हा मोजायची, असे तीनदा झाले. प्रत्यक्ष कापायला तासभरही लागला नाही. छपराचा तुकडा दोघांनी उचलून बाजूला ठेवला आणि आत एकदम आकाशाचा उजेड पडला, तेव्हा ताईच्या तोंडून “अगं बाई!” निघाले. चांगली गाडी आपण मोडून तर बसलो नाही ना, ही शंका त्या क्षणी प्रत्येकालाच येत असणार.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आणि म्हणूनच महत्त्वाचे. धातूचा एकेक बारीक कीस झाडून, चुंबकाने गोळा करून काढला, कारण राहिलेला प्रत्येक कण उद्याचा गंज असतो. कापलेल्या उघड्या कडेला गंजरोधक रंगाचे हात दिले. मग चौकट आली. तिच्यासाठी वापरतात ती पॉलियुरेथेनची चिकटपट्टी रबरासारखी लवचिक राहते, पण पकड पोलादी. ती सुकेपर्यंत गाडी हलवायची नाही, म्हणून एक पूर्ण दिवस नुसता गेला. शेवटी फायबरग्लासचे छप्पर, मागच्या बाजूला बिजागऱ्या, दोन्ही अंगांना वायूने भरलेले दट्टे, भोवती रबराची झालर आणि खिडक्यांना डासांची जाळी असलेले जाड कापड. सारे झाल्यावर नळीने पाण्याचा मारा करून कुठे ठिबकते का ते पाहिले. सारा खर्च पाच हजार पौंडांच्या आतबाहेर आला. लहान रक्कम नव्हे.

वायूच्या दट्ट्यांविषयी दोन शब्द. आपल्याकडच्या मोटारीचे मागचे दार थोडे उचलले की पुढे आपोआप वर जाते, ती किमया यांचीच. छपराचे वजन ते पेलतात, तरीही पहिला रेटा माणसाने द्यावा लागतो आणि तोही डोक्याच्या वर हात करून. उतरवताना उलट. आतल्या पट्ट्याला धरून दट्ट्यांच्या विरुद्ध खाली ओढायचे आणि मग कापड कडेत अडकू नये म्हणून आत चेपत राहायचे. ताईचे वय बहात्तर, उजवा खांदा मागे गोठलेला, हाडांची घनता कमी. ज्याच्यासाठी गाडी करायची त्याचेच माप सगळे घेतात, पण ती रोज उघडणार-मिटणार कोण, त्याचे माप घ्यायचे राहून जाते. ताईने मात्र कार्यशाळेत असलेल्या तयार गाडीचे छप्पर पैसे देण्यापूर्वीच पाच वेळा उघडून मिटून पाहिले. ओढताना पाठीतून वाकायचे नाही, पिळायचे नाही. एक पाय पुढे टाकून अंगाच्या भाराने ओढायचे, हे तिच्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी शिकवले. पट्टा दीड हाताने लांब करून घेतला, एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटला. ज्यांना एवढेही झेपणार नाही, त्यांनी विजेवर उचलले जाणारे छप्पर पाहावे. जपानच्या माझ्दा बोंगो या गाडीला ते 1990 च्या दशकातच होते आणि अशा जुन्या गाड्या ब्रिटनमध्ये अजूनही हौसेने वापरतात.

छपराखाली आता पुढच्या बाजूला सव्वादोन मीटरहून अधिक उंची मिळते. त्या छपरात वर एक फळीचा पलंगही असतो. जाहिरातींत नेहमी त्याच पलंगावर लोळणारी मुले दाखवतात. आसनावर पाय देऊन तिथे चढणे वृद्धाने मनातही आणू नये. ताईने ती फळी काढूनच ठेवायला सांगितली, त्यामुळे उंची मोकळी झाली. एरवी वर पलंग आणि खाली वाकलेला म्हातारा, अशी गत व्हायची.

उंची मिळाल्यावरही पार्किन्सनची एक खोड उरते. अरुंद जागेत, उंबरठ्यापाशी, वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. व्हॅनचा आतला भाग म्हणजे अरुंद जागाच. यावर एक साधा उपाय पुष्कळांना लागू पडतो. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की त्या ओलांडण्याच्या निमित्ताने पाऊल उचलले जाते. भाऊजींनी सरकत्या दारापासून पलंगापर्यंत पिवळ्या पट्ट्या स्वतः मोजून चिकटवून घेतल्या. दाराशी हाताला येईल असा दांडा आणि खाली रुंद पायरी हेही केले. आणि पलंगाखाली बंद झाकणाचे फिरते शौचपात्र, कारण रात्री दोनदा उठणाऱ्याला तळावरच्या स्वच्छतागृहापर्यंत ओल्या गवतातून चालत पाठवणे हा निव्वळ धोका आहे.

पहिली सहल जवळचीच होती. हाइद गावातून लष्करी कालवा जातो. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने 1804 पासून खणलेला हा कालवा शत्रूच्या कधीच उपयोगी आला नाही, आणि स्वकीयांच्या उपयोगी आला तो फिरण्यासाठी. त्याच्या काठची वाट सपाट आणि सावलीची आहे. 1927 मध्ये सुरू झालेली, हाइदहून निघणारी पंधरा इंची रुळांची चिमुकली आगगाडी डिमचर्च, रॉमनी करीत डंजनेसपर्यंत धावते. तिच्यात बसण्यासाठी वाकावे लागते म्हणून आम्ही ती नुसती पाहिली. मुक्काम रॉमनीच्या पाणथळ माळावरल्या एका तळावर. एवढा सपाट प्रदेश की मेंढ्या क्षितिजावर ठेवल्यासारख्या दिसतात. मी शेजारच्या तंबूत होते.

सकाळी छपरातल्या जाळीतून ताईचा आवाज आला, “अहो, आधी पाय खाली सोडून बसा. घाई करू नका.” निजल्यावरून एकदम उभे राहिल्यास तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टर त्याला उठताना होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतात, पार्किन्सनमध्ये ती पुष्कळदा आढळते आणि काही औषधे तिच्यात भर घालतात. म्हणून दोन मिनिटे बसायचे, घोटे हलवायचे, पाणी प्यायचे आणि मग दांडा धरून उठायचे. थोड्या वेळाने पडद्याआडून भाऊजींचे डोके छपराच्या कापडाशी सरळ उभे असलेले दिसले. विजार घालायला त्यांना अकरा मिनिटे लागली. ताई दाराबाहेर पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती आणि तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

दुसऱ्या रात्री वारा सुटला. कापड फडफडू लागले, तसा झोपेचा प्रश्नच मिटला. रात्री एक वाजता ताईने छप्पर उतरवले आणि दोघे मिटल्या गाडीत निजली. उघड्या माळावर हे घडणारच. म्हणून झोपताना छप्पर मिटलेलेच ठेवावे आणि कपडे करण्यापुरते उघडावे, असा त्यांनी तेव्हापासून नेम केला. थंडीतही हे बरे, कारण कापडाची भिंत ऊब धरत नाही. ऊब यावी म्हणून आत शेगडी पेटवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत असलेच पाहिजे. झडप उघडी ठेवली म्हणून ते टाळता येत नाही.

घरी परतल्यावर कापड पावसाने ओले होते. ओले कापड मिटून ठेवले तर काही दिवसांतच बुरशी धरते आणि दम्याच्या रोग्याला ती बाधते. म्हणून गाडी अंगणात उभी करून छप्पर दिवसभर उघडे ठेवावे लागले. शेजारीपाजारी विचारून गेले, निघालात की आलात?

महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी कोणाच्या मनात आपल्या गाडीचे असे काही करावे असे आले, तर प्रथम कायदा पाहावा. आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करू देत नाही. गल्लीतल्या गॅरेजात छप्पर कापून घेण्याचे साहस करू नये. नोंदणीही जायची आणि विमाही. आपल्या राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. तयार गाडी भाड्याने घेऊन पाहणे हा शहाणपणाचा आरंभ. घेण्यापूर्वी ज्येष्ठांना आत नेऊन उभे करावे, बसवावे, निजवावे, पुन्हा उठवावे, आणि जो कोणी त्यांची देखभाल करतो त्याच्या हातून गाडीतली प्रत्येक गोष्ट एकदा उघडून मिटवून घ्यावी. दुकानदार थांबतो, न थांबला तर दुसरे दुकान पाहावे.

भाऊजींनी आता नकाशावर वेल्सपर्यंत रेघ ओढली आहे. ताईच्या मते ती सोमरसेटपाशी थांबावी. पट्ट्यांचा पिवळा रंग दोन ठिकाणी उडाला आहे, तो निघण्यापूर्वी नवा लावायचा आहे.